घरं जुनी नाहीत का?

तुमच्याकडे लोक तिकीट काढून घर बघायला येतात का, असं त्या मुलाने मला विचारलं आणि मी पटकन नाही म्हणून मोकळी झाले. त्याने थोडा विचार केला आणि अगदी साध्या चेहऱ्याने म्हणाला, "का? घरं जुनी नाहीत का?" मी हसले. त्याला वाटलं असणार की मला त्याचं इंग्रजी कळलं नाही, कारण त्याने तेच परत, एकेक शब्द सुटा करून विचारलं. तेवढ्यात तिकडून आईची हाक आली, "अगं इकडे ये, ह्याला सांग आठशेच्या वर एक शिलिंग मिळणार नाही," आणि मी गेले. उत्तर तसंच राहिलं. त्या ट्रिपमध्ये सिंह दिसले, पिल्लांसकट चित्तीण दिसली, हत्तींचा कळप तर गाडीला घासून गेला, त्याचे फोटो काढले, स्टेटसला टाकले आणि संपलं. पण दुपारी ओट्यापाशी उभी असताना मधूनच डोक्यात येतं ते हे, आणि आलं की अवघडायला होतं, कारण मी त्याला जे सांगितलं ते खोटं होतं.

ठरवून नव्हते बोलले. पण खोटं ते खोटंच.

आम्ही गेलो होतो ऑगस्टात, केनियातल्या मसाई माराला. आता तिकडे ऑगस्टात गेलं की निम्मी गर्दी मराठी आणि गुजराती असते हे सांगायला नको, आमच्या बावीस जणांच्या ग्रुपबरोबर आचारी होता आणि सेकेनानी गेटच्या बाहेरच्या लॉजमध्ये आम्ही रात्री आमटी-भात खाल्ला. मायग्रेशन बघायचं म्हणून मारा नदीवर चार तास गाडीत बसलो, समोरच्या काठावर हजारो विल्डबीस्ट जमले, पुढे आले, मागे गेले, एकाने पाण्यात पाय घातला आणि काढून घेतला. संपलं. परत येताना ड्रायव्हरने आमची तोंडं बघून सांगितलं की उद्या सकाळी मसाई गाव दाखवतो, ऑप्शनल आहे, माणशी वीस डॉलर. गाडीत लगेच चर्चा. ते सगळं नाटकी असतं हो, यूट्यूबवर बघा की, लाल कपडे घालून उड्या मारतात आणि माळा विकतात. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "नाटकाचं तिकीट काय कमी असतं का?" आणि आमच्या दोघींचे चाळीस डॉलर देऊन टाकले. त्यातले गावात किती पोचले आणि वाटेत किती अडकले हे विचारू नये, तिकडे ही तक्रार जुनी आहे.

गाव म्हणजे काटेरी फांद्यांचं गोल कुंपण आणि आत कडेकडेने घरं, मध्ये रात्री गुरं कोंडायची मोकळी जागा. पायाखाली सगळं शेणच, वाळून, तुडवून, भुसा झालेलं, चप्पल रुतते अशी मऊ जमीन. बाहेरच पुरुषांची रांग उभी, लाल चौकड्यांच्या शुका खांद्यावरून टाकलेल्या, आणि घशाच्या तळातून एक घुमारा सुरू. एक जण वरच्या पट्टीत गातो आणि बाकीचे झील धरतात, अगदी आपल्या गोंधळासारखी, फक्त वाद्य एकही नाही. मग एकेक जण पुढे येऊन उडी मारतो. यूट्यूबवर दिसत नाही ते सांगते. खाली येतात तेव्हा टाच टेकत नाही, गुडघा वाकत नाही, माणूस उडी मारत नाहीच जणू, जमीनच त्याला वर फेकते, आणि दर उडीला त्या भुशासारख्या धुळीतून एक बारीक ढग उठतो. आमच्यातले एक काका, गुडघ्याला पट्टा लावलेले, रांगेत शिरले आणि सहा इंच उडाले, मसाई पोरांनी अशी काही आरोळी ठोकली की काका दिवसभर तरंगत होते. एक पोरगा म्हणाला, रुडिशा आमचा आहे. डेव्हिड रुडिशा, 2012 च्या लंडन ऑलिंपिकला 800 मीटर 1 मिनिट 40.91 सेकंदात पळाला तो. त्या पोरांचे पाय बघितले की त्यात नवल वाटत नाही.

आमच्याबरोबर फिरायला दिलेला मुलगा विशी-बाविशीचा असेल, नरोकला कॉलेजात शिकतो म्हणाला, सुट्टीला घरी आलेला. मी चीफचा मुलगा, असं त्याने सुरुवातीलाच सांगितलं. नंतर लॉजवर दुसऱ्या गाडीतल्यांशी बोलताना कळलं की त्यांनाही चीफचाच मुलगा मिळाला होता, दुसऱ्या गावात. चालायचंच, आपल्याकडेही प्रत्येक वाड्याचा कुणीतरी सरदार असतोच.

त्याने आग करून दाखवली. खाली पातं आडवं ठेवलेली सुरी, त्यावर मऊ लाकडाची पट्टी, तिच्या खाचेत कठीण लाकडाची काठी, आणि ती काठी दोन तळहातांत धरून घुसळायची, हात खाली सरकले की दुसऱ्याने लगेच वरून धरायची, थांबायचं नाही. मिनिटभरात काळी पूड पडायला लागली, पुडीतून धुराची रेघ निघाली, ती त्यांनी वाळल्या शेणात आणि गवतात गुंडाळली आणि फुंकली. भडका. आमच्यातले एक जण मागून म्हणाले, "हे तर आपलं अग्निमंथन, अरणी." खरंच होतं ते, दोन लाकडं, मंथन, सगळं तेच. पण मला ह्या 'आपलं' चा अलीकडे कंटाळा आलाय, कुठेही गेलं की आपल्या लोकांना आधी आपलंच काहीतरी सापडायला हवं असतं. दोन दिवस ड्रायव्हरच्या तोंडून स्वाहिली ऐकून गारी, दुका, चाय, चपाती, बिमा, लाकी, कचुंबरी असे शब्द सापडले की गाडीत टाळ्या. हे शब्द इथे आले कसे ते मात्र कोणी विचारत नाही, किनाऱ्यावरचा शेकडो वर्षांचा व्यापार, आणि मग 1896 पासून रेल्वे टाकायला इंग्रजांनी आपल्याकडून तीस हजारांच्या वर माणसं नेली, त्यातली अडीच हजार तिथेच मेली. असो. सांगायचं ते वेगळंच. आग पेटली आणि मी बघितलं तर माझा व्हिडिओ सुरूच झाला नव्हता, लाल टिंब दिसत नव्हतं. मी म्हटलं, वन्स मोअर प्लीज. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, एकाने तळहातावर थुंकून हात चोळले, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.

तळहात कसे होते ते मला त्या व्हिडिओत नंतर दिसलं, घरी, मोठ्या स्क्रीनवर.

मग घर. दार सरळ आत जात नाही, गोगलगायीच्या शंखासारखं वळसा घेऊन जातं, वाकून, अंधारात चाचपडत, आणि दोन पावलांत बाहेरचा सगळा उजेड संपतो. भिंतीला मुठीएवढं भोक, तेवढीच खिडकी. मध्ये चूल, तीन दगड, बाजूला वासरं बांधायची जागा, काटक्यांच्या माचावर कातडं घालून केलेली झोपायची जागा, आणि सगळीकडे धूर, डोळ्यांत, केसांत, घशात. ग्रुपमधल्या दोघी आल्या तशा खोकत बाहेर गेल्या. माझेही डोळे चुरचुरत होते. आई मात्र जमिनीवर फतकल मारून बसली आणि भिंतीवर तळहात फिरवायला लागली. मुलगा माहिती सांगत होता, काटक्यांचा सांगाडा असतो, त्यावर शेण, माती, राख, गोमूत्र ह्यांचा लेप, घर बायकाच बांधतात, पाऊस गळला तर रात्री उठून लिंपायचं कामही बाईचंच. आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि नखाने एक पोपडा उचलून मला म्हणाली, "शेण जास्त झालंय. माती कमी पडली की असे पोपडे धरतात. विचार तिला." तिला म्हणजे घरवालीला, ती कोपऱ्यात बसून होती, उभं आयुष्य उन्हात गेलेला चेहरा, कानांच्या पाळ्या लोंबणाऱ्या. मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं, मुलाने मा भाषेत सांगितलं, आणि ती बाई एकदम ताठ बसून भराभर बोलायला लागली. मुलगा हसत म्हणाला, ती म्हणते माती जास्त घातली तर पावसात ओघळते, इथला पाऊस ह्यांना माहीत नाही. आईने मान हलवली. पटलं नाही, पण मान्य केलं.

मग त्या बाईने आईच्या गळ्यातली काळ्या मण्यांची पोत दोन बोटांत धरली. मला वाटलं कौतुक करतेय. तिने पोत उलटी केली, दोन मण्यांच्या मध्ये नख घालून दोरा बघितला, जरासा ताणला, आणि सोडून दिली. चेहऱ्यावर काही नाही. मी कौतुकाचा शब्द शोधत होते आणि मुलगा म्हणाला, ती म्हणते दोरा लवकर तुटेल.

आईची आई, म्हणजे माझी आजी, श्रीगोंद्याच्या अलीकडे राहायची, आणि आई सांगते की आठवड्याला सबंध घर आणि अंगण सारवायचं म्हणजे सकाळपासून दुपार व्हायची, बोटांच्या भेगांत शेण जाऊन ठणकायचं, पावसाळ्यात सारवण वाळायचंच नाही, चार दिवस घरात कुबट वास. आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा मला तो वास फार आवडायचा. आवडणारच, मला सारवायचं नव्हतं. ज्या वर्षी मामाने शहाबादी फरशी घातली त्या रात्री आजी म्हणे चटई न टाकता नुसत्या फरशीवर झोपली, गार लागतं का बघू म्हणून. मसाई घरातून बाहेर येताना वाटेत डोकं आपटलं आणि डोळ्यांतून पाणी आलं, ग्रुपमधल्या एकीला वाटलं मी इमोशनल झाले, तिने पाठीवर हात ठेवला. धुराने होतं ते.

बाहेर बाजार मांडला होता. बायका जमिनीवर कापडं पसरून बसलेल्या, माळा, बांगड्या, गळ्याभोवतीच्या त्या चपट्या ताटलीएवढ्या पट्ट्या. लाल म्हणजे शौर्य, पांढरा म्हणजे दूध, निळा म्हणजे पावसाचं आकाश, हिरवा म्हणजे गवत, हे मुलाने पाठ म्हणून दाखवलं. मण्यांचं मला नंतर वाचून कळलं की हे बारीक काचेचे मणी युरोपातून व्यापाऱ्यांनी आणले, चेक मणी अजूनही सगळ्यात भारी समजतात, त्याआधी बिया, शिंपले, माती, असलं काय काय. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या खंबायतचे अकीक मणी जहाजातून ह्याच किनाऱ्याला उतरायचे. म्हणजे ज्याला आपण अस्सल म्हणून हात लावतो ते कुठल्यातरी बोटीतूनच आलेलं. आईने एक बांगडी पसंत केली. भाव करायला एक मध्यमवयीन माणूस पुढे आला, त्याने खालून काडी उचलली आणि स्वतःच्या दंडावर कोरलं, 2500. कोरड्या कातडीवर पांढरा आकडा उमटला, पाटीवर खडूने लिहावा तसा. मंडईत चाळीस वर्षं काढलेली बाई ही. आईने त्याच्या हातातली काडी घेतली आणि त्याच्याच दंडावर, त्याच्या आकड्याखाली लिहिलं, 500. त्या माणसाने आधी दंडाकडे, मग आईकडे बघितलं आणि असा काही हसला की बाजूच्या बायकाही वळून बघायला लागल्या.

त्या दोघांचं चालू होतं तेव्हा मी आणि तो मुलगा घरांच्या मागच्या बाजूला उभे होतो. तिकडे टुरिस्टला आणत नाहीत बहुतेक, कारण तिकडे एक मोटरसायकल होती, छपरावर सोलरची छोटी पाटी, दोरीवर आर्सेनलचा टीशर्ट वाळत घातलेला. मी विचारलं, तुमची गुरं किती? तो म्हणाला, आहेत. परत विचारलं तर म्हणाला, होती जास्त, दुष्काळात गेली, 2022 ला. आकडा सांगितला नाही. गुरांची मोजदाद तोंडाने करू नये असं मसाई मानतात हे मला नंतर कळलं, म्हणजे मी जवळजवळ बँक बॅलन्सच विचारत होते, तेही दोनदा. त्याने हात लांब करून दाखवलं, गेटच्या पलीकडचं रान. आजोबा तिथे गुरं चारायचे, आता आत गेली तर दंड. पार्कच्या भोवती कॉन्झर्व्हन्सी निघाल्यात, म्हणजे मालकांनी प्राण्यांसाठी भाड्याने दिलेली रानं, नाबोइशो वगैरे, तिथे जमीनमालकाला दर महिन्याला भाडं मिळतं, त्याच्या काकाला मिळतं. ह्यांना नाही, ह्यांचा तुकडा तिकडे नाही. हे सगळं तो आग करून दाखवताना बोलला त्याच आवाजात बोलला.

रात्री लॉजवर वायफाय मिळाल्यावर मी वाचत बसले. 1890 च्या दशकात बुळकांडीने ह्यांची गुरं साफ केली होती. बुळकांडी हा शब्द मी आजोबांच्या तोंडून शिवीसारखाच ऐकलाय, बैल अडून बसला की. त्या पडत्या काळात इंग्रज आले, 1904 ला करार केला, रिफ्ट व्हॅलीतली चांगली कुरणं गोऱ्या शेतकऱ्यांना, मसाईंना उत्तरेला आणि दक्षिणेला दोन तुकडे, आणि हा करार मसाई जमात आहे तोवर टिकेल असं कागदावर लिहिलं. सात वर्षांत, 1911 ला, दुसरा करार करून उत्तरेच्या लोकांनाही दक्षिणेला हाकललं. मसाई कोर्टात गेले, 1913 ला कोर्टाने सांगितलं की हा परक्या राज्याशी केलेला तह आहे, ह्यात आम्हाला पडता येणार नाही. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना ह्यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. मग 1961 ला माराचं अभयारण्य. मारा म्हणजे ठिपक्याठिपक्यांचं, हा शब्दही त्यांचाच, नैरोबीसुद्धा त्यांचीच, गार पाण्याची जागा. नावं तेवढी राहिली.

तर तिथे, त्या टीशर्टखाली, त्याने मला तो प्रश्न विचारला. तुमच्याकडे येतात का लोक? आणि मी नाही म्हटलं.

आता मामाच्या घरचं सांगते. मामाचा मुलगा, मी त्याला दादा म्हणते, पाच-सहा वर्षांपासून हुरडा पार्टी करतो. कांद्याने दोनदा झोपवला, मग कुणीतरी सुचवलं. डिसेंबर ते फेब्रुवारी, शनिवार-रविवार, पुण्याच्या कंपन्यांचे ग्रुप. माणशी साडेसहाशे, त्यात आगटीतला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, दुपारी पिठलं-भाकरी, बैलगाडीची फेरी. बैल शेजाऱ्याचे, दादाकडे ट्रॅक्टर आहे. दादा एरवी ट्रॅक पँटवर असतो, शनिवारी सकाळी धोतर नेसतो आणि फेटा बांधतो, म्हणजे बांधलेला खुंटीवर असतोच, नुसता डोक्यावर ठेवतो. दहाला वासुदेव येतो, त्याला आधी फोन करावा लागतो. आणि मामी, जिने गॅस आल्यावर चुलीकडे परत बघितलं नव्हतं, ती नऊवारी नेसून अंगणातल्या चुलीपुढे बसते आणि लोकांना दिसेल अशी भाकरी थापते. दोन वर्षांपूर्वी मी तिथे होते तेव्हा एका आयटीवाल्या मुलीचा व्हिडिओ नीट आला नाही, ती म्हणाली, काकू, परत एकदा थापा ना. मामीने थापलेली भाकरी मोडली, पिठाचा गोळा केला, परत थापली. तिसऱ्यांदा पण. मी शेजारी बसून हसत होते.

म्हणजे त्याला सांगता आलं असतं, हो येतात. तिकीट साडेसहाशे. घर जुनं आहे की नाही हे मात्र सांगता आलं नसतं, कारण शहाबादी काढून आता टाइल्स आहेत, आणि पाहुण्यांना आत नेतच नाहीत. अंगणातच सगळं.

ह्या जानेवारीत आईला घेऊन श्रीगोंद्याला गेले. मुद्दाम मधल्या वारी, गर्दी नको म्हणून. दादाने आमच्यापुरती आगटी केली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं सारली, चुरचुर आवाज, तो गोडसर करपल्यासारखा वास. ज्वारी मूळची आफ्रिकेतलीच हे मी सांगितलं तर दादा म्हणाला, असंल, आमच्याकडं बाराशे वर्षं हाय, आणि हा आकडा त्याने कुठून काढला देव जाणे. आई आपली मसाई बांगडी दाखवत होती, शेवटी सातशेला दिली त्याने, हे तिने तिसऱ्यांदा सांगितलं. दादा गरम कणीस तळहातावर चोळत ऐकत होता.

"अन् गाव दावायचं माणशी किती घेत्यात?"

"वीस डॉलर. सतराशे रुपये धर."

"त्यात जेवण काय?"

"जेवण नाही."

"चहा?"

"चहापण नाही."

दादाचा हात थांबला. हिरवे दाणे तळहातावर तसेच. "किती टाईम?"

"पाऊण तास. उड्या मारतात, आग करतात, आणि घर आतून दाखवतात. शेणाने लिंपलेलं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मामी धुतलेल्या वाट्या घेऊन बाहेर आली, मॅक्सीवर टॉवेल टाकलेला. दादाने घराकडे बघितलं, उंबऱ्यापासून आतल्या टाइल्सपर्यंत, आणि म्हणाला, "आई, ती मागची खोली. फरशी काढून सारवली तर?"

मामीने वाट्या खाली ठेवल्या.

"तू सारवणार असशील तर काढ."